सगळ्या गोळ्या एकाच घोटात

प्रश्न: वय ४६. सहा वर्षं थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. ‘ड’ जीवनसत्त्व ११ आलं, म्हणून आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी आणि रोज कॅल्शियम सुरू झालं. विसरायला नको म्हणून सगळं सकाळी चहासोबतच घेते. आता टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ८ वर गेलंय. पुडी बंद करू का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: नको ताई, पुडी बिचारी निर्दोष आहे. घोळ कॅल्शियमचा आणि चहाचा. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. ती गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत घ्या, चहा तासाभराने. (पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात सगळे रुसवेफुगवे या एका तासावरूनच!) कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, मध्ये किमान चार तास सोडून. पुडी रविवारच्या जेवणासोबत. ‘ड’ स्निग्धात विरघळतं, वरणभातावरचं तूप इथे कामी येतं. पण आठवड्याला एकच, आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. चुकून रोज घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मूतखडे मागे लागतात. वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवायचा की नाही, ते डॉक्टरांना तेव्हा ठरवू दे.