नवीन निदान झालंय? आधी वजनकाटा घ्या
हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही हो, पंपाची ताकद कमी झालीय, म्हणून अंगात पाणी साठतं. ते सगळ्यात आधी काट्यावर दिसतं, सूज नंतर येते. म्हणून रोज सकाळी उठलं की लघवीला जाऊन या आणि काही खायच्या-प्यायच्या आधी वजन करा, तोच काटा, साधारण तेवढेच कपडे, आणि लगेच वहीत लिहा, लक्षात राहील म्हणून सोडू नका. ३ दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. मी संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबून पण बघते, खड्डा राहिला की समजायचं पाणी साठतंय. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणून झोपताना उशी वाढवावी लागली तर तेही डॉक्टरांना सांगाच.

मीठ कमी, पाणी किती ते डॉक्टरांना विचारून. लो सोडियम मीठ मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि आपल्या काही गोळ्यांनी ते आधीच वाढलेलं असू शकतं. अंग दुखलं म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको, त्याने पाणी साठतं. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका प्लीज, गोळ्या चालू आहेत म्हणूनच बरं वाटतंय. दम अचानक वाढला किंवा छातीत दुखलं तर मात्र फोन-बिन नाही, सरळ इमर्जन्सी गाठा.