हिंगणघाट आणि सेवाग्राम अशा दोन नोकऱ्या, दोन लहान मुलं: वर्ध्याकडे घर कुठे बघावं?

ताई, तुमच्या यजमानांची बदली हिंगणघाटच्या बँकेत झाली आहे, तुम्ही सेवाग्रामला दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होताय, मुलगी तिसरीत जाणार, मुलगा बालवाडीत. नाशिकहून येताय, इकडे ओळखीचं कोणी नाही. शेजार चांगला, शाळा चांगली आणि येणंजाणं झेपेल अशी वस्ती कोणती, असं तुम्ही विचारलंय. मी वर्ध्याला लागून असलेल्या एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतो, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे आणि रोज अपडाऊन करतो. म्हणून आधी उत्तर सांगतो, मग कारणं. घर सेवाग्रामच्या बाजूला घ्या, मुलांची शाळा त्याच बाजूला बघा आणि हिंगणघाटचं अपडाऊन यजमानांना रेल्वेने करू द्या. दोघांना सारखं अंतर पडावं म्हणून मधलं गाव शोधत बसू नका.

तुमची ड्युटी पाळीची. कधी सकाळ, कधी रात्र. बँकेची वेळ मात्र ठरलेली, त्यामुळे पास काढून गाडी धरता येते. मधल्या गावात राहिलात तर दोघंही मुलांपासून लांब पडाल. मार्चपासून इकडे शाळा सकाळच्या होतात, एप्रिलमध्ये पोरं भर उन्हात गेटबाहेर पडतात. पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा त्या वेळेला मुलाला आणायला कोण पोहोचू शकतं, हा प्रश्न आधी सोडवायचा. नोकरीचं अंतर त्यानंतर.

नवख्या माणसाचा घोळ होतो तो स्टेशनात. वर्धा जंक्शन आणि सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. हिंगणघाट बल्लारशा लाइनवर आहे आणि नागपूरकडून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून जातात, वर्धा जंक्शनवरून नाही. सेवाग्राम स्टेशनला आधी वर्धा पूर्व म्हणत. ते आश्रमाला लागून नाही, काही किलोमीटर अलीकडे शहराच्या बाजूला आहे, आणि तेच तुमच्या पथ्यावर पडतं. स्टेशन आणि दवाखाना या दोघांच्या मधला पट्टा, म्हणजे वरूड आणि सेवाग्राम रोडच्या वस्त्या, हा तुमचा भाग. यजमान सायकलने स्टेशनला जातील, तुम्ही स्कूटीने दवाखान्यात. पास काढताना एवढं लक्षात ठेवा की सुपरफास्टचा अधिभार वेगळा लागतो आणि आरक्षित डब्यात पास चालत नाही. पॅसेंजर कधीकधी बाजूला घेऊन एक्स्प्रेस पुढे काढतात, म्हणून संध्याकाळी उशीर होणार हे गृहीतच धरा.

नागपुरात राहून दोघांनी ये-जा करावी असं तुम्हाला कोणीतरी सुचवलंय. नका करू. दोघांनाही एका बाजूने सत्तर-ऐंशी किलोमीटर पडेल, आणि समृद्धी महामार्गाचं नाव ऐकून हुरळून जाऊ नका: त्यावर दुचाकीला बंदी आहे आणि हिंगणघाट तर वेगळ्याच, हैदराबादच्या महामार्गावर.

आता शाळा. माझा जीव इथे जास्त गुंतलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

वर्धा शहर म्हणून जे दिसतं त्यातला मोठा भाग नगर परिषदेत नाहीच. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी, सगळ्या ग्रामपंचायती. शहराच्या घरांना घरं लागलेली, पण कारभार सरपंचाचा. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही हद्द महत्त्वाची आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत असताना नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेची, परीक्षा द्यायची असेल (आपल्या जिल्ह्याचं नवोदय सेलूकाटेला आहे), तर किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. त्या काळात एक दिवस जरी शहरी शाळेत नाव असेल तरी मूल शहरी धरलं जातं. तुमची मुलगी नेमकी तिसरीत येतेय. शाळा रस्त्याच्या या बाजूला की त्या बाजूला, यावर तीन वर्षांनी फरक पडेल. नाव घालण्याआधी मुख्याध्यापकांना विचारा की शाळेची नोंद ग्रामीण आहे की शहरी.

इंग्रजी शाळांच्या पाट्यांवर ‘सीबीएसई पॅटर्न’ असं लिहिलेलं दिसेल. पॅटर्न म्हणजे मान्यता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर तपासा. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात तर पट किती आणि शिक्षक किती, हे दोनच आकडे आधी विचारा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पट असला की प्राथमिकला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोन गुरुजी चार-पाच वर्ग सांभाळतात, त्यात एकाची निवडणुकीच्या कामावर नेमणूक झाली की उरला एक. तरीही यातल्या काही शाळा फार जीव लावून चालतात. वर्गात जा, मागच्या बाकावरच्या पोराची वही उघडून बघा. वहीत तारखा सलग असतील आणि चुकांवर लाल पेनाची खूण असेल, तर तिथे कोणीतरी रोज शिकवतंय.

सेवाग्रामलाच आनंद निकेतन आहे, नई तालीमच्या आवारात. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून जी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची गांधीजींची पद्धत, उभी राहिली, त्याच विचाराची ही मराठी माध्यमाची शाळा, 2005 मध्ये पुन्हा सुरू झालेली. शेती, स्वयंपाक, सूतकताई हे तिथे अभ्यासाचाच भाग. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी मला ती मनापासून आवडते. पण मुलांना पुढे इंग्रजी माध्यमातच घालायचं पक्कं असेल, तर ते आत्ताच ठरवा. पाचवीत माध्यम बदललं की पोरं गप्प होतात, हे मी वर्गात बघतो.

नाशिकच्या शाळेतून टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, यायला वेळ लागला तर घाबरू नका. आठवीपर्यंत टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायदाच आहे तसा.

लेआउटचं, म्हणजे शेतजमिनीवर प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या वस्त्यांचं, थोडक्यात. इकडची माती काळी. जुलैत नव्या लेआउटमधली पोरं चपला हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत येतात आणि तिथे नळावर पाय धुऊन बूट घालतात. त्यामुळे रस्ता आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाली का, नळ आहे की फक्त बोअर, ते घरमालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा. शेजार कसा आहे तेही तेवढ्यात कळतं. आमच्या ओळीत गाडी लेट झाली की ज्याचं घर उघडं असेल तिथे पोरं बसतात, पोहे खातात, गृहपाठही तिथेच होतो. तुमच्यासारख्या पाळीच्या नोकरीला असा शेजार लागतोच. तो नव्या, अर्ध्या रिकाम्या लेआउटमध्ये मिळणं कठीण. दहा-पंधरा वर्षं जुनी, भरलेली ओळ बघा, घर थोडं लहान असलं तरी चालेल.

प्लॉट लगेच घेऊ नका. एक पावसाळा भाड्याने काढा. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे तुम्हाला वेळ आहे. घर बघायला मे महिन्यातच या, पाणी किती दिवसांआड येतं ते तेव्हाच खरं कळतं. येताना मुलीला सोबत आणा आणि शाळेच्या गेटपासून घरापर्यंत तिच्यासोबत एकदा पायी चाला.