बाळ दगावले कुठे आणि राहत होते कुठे

उत्तर नागपुरातील आपल्या प्रभागासाठी नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र मागायचे म्हणून आपण बालमृत्यूंचे प्रभागनिहाय आकडे जमवलेत आणि त्या आकड्यांत आपलाच प्रभाग शहरातला सर्वांत निरोगी ठरला, हे वाचून मला बालमृत्यूंच्या नोंदींवरून आम्ही केलेला जुना नकाशा आठवला. दर कसा काढायचा हे आपण जाणताच: वर्षाच्या आत दगावलेली बाळे भागिले जिवंत जन्म, गुणिले हजार.

प्रत्येक मृत्यूला लाल ठिपका दिला, तेव्हा लाल स्केचपेन सर्वांत दाट फिरले ते खासगी रुग्णालयांच्या धंतोली, रामदासपेठेत आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या परिसरांत. नाल्याकाठच्या वस्त्या जवळपास कोऱ्या राहिल्या. आम्हाला कुणालाही त्यात वावगे दिसले नाही. बैठकीत एका वयस्क डॉक्टरबाईंनी नकाशा थोडा वेळ न्याहाळला आणि एवढेच विचारले, "ही बाळे राहत कुठे होती?" आमचे वर्षभराचे काम तिथेच संपले. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडते तिथे तिची नोंद होते. त्यामुळे आमच्या लाल ठिपक्यांत छिंदवाडा, बालाघाट, गोंदियाहून उपचारांसाठी आणलेली बाळेही होती, आणि वस्तीतले बाळ रुग्णालयात दगावले की वस्तीच्या हिशेबातून वजा होऊन रुग्णालयाच्या परिसरात जमा होत होते.

मृत्यूच्या सूचनापत्रात मृताचा पत्ता असतो. तरीही एका कार्यालयाने (नाव घेत नाही) "पत्त्यानुसार माहिती ठेवली जात नाही" असे सांगत आम्हाला चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरवले. माहिती अधिकारात अर्ज केला, तर खासगीपणाचे कारण देऊन नावांबरोबर पत्तेही झाकलेल्या छायाप्रती आल्या, त्याही पानाला दोन रुपये घेऊन. नावे झाकली ते योग्यच होते. चूक आमच्या अर्जाच्या शब्दांत होती. आपण नोंदी मागूच नका. राहत्या भागानुसार, महिन्यानुसार केवळ संख्या मागा.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही, तेव्हा पुढचे माझे मत म्हणूनच घ्यावे. एका वर्षाचा प्रभागनिहाय दर बैठकीत मांडू नये. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. २०१७ च्या ३८ प्रभागांत ती वाटली तर प्रभागाला सरासरी ६३ हजार येतात. एवढ्या वस्तीत दोन-तीन मृत्यू इकडचे तिकडे झाले तरी दर पार बदलतो, म्हणून तीन वर्षांची बेरीज घ्या. छेदात घ्यायचे जन्मही आईच्या राहत्या पत्त्याप्रमाणेच मोजा, नाहीतर तीच चूक उलट बाजूने होईल. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि अर्ज भरताना नातेवाईक कधी माहेरचा, कधी सासरचा पत्ता सांगतात, हेही ध्यानात असू द्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा या कामी उपयोग नाही. त्यातले बालमृत्यूचे दर राज्यापाशीच थांबतात, म्हणजे सुखवस्तू धरमपेठ आणि गरीब वस्त्यांचे आसीनगर यांना एकच आकडा.

केंद्राच्या मागणीसाठी मी तर मृत्युदराआधी साधा निकष पुढे करीन: राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र अपेक्षित आहे. त्यानंतर वस्तीतल्या आशाताईंकडे बसा. त्या घरोघरी जातात, त्यामुळे कोणते बाळ कोणत्या गल्लीतले होते हे त्यांना कुणाला विचारावे लागत नाही.