ठिगळं लावण्याच्या कामाबद्दल

नागपूर, एप्रिलचा शेवटचा रविवार

प्रिय बेटा,

तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कूलर उघडून बसलो होतो, म्हणून नीट बोलता आलं नाही. "काका, नवीन काहीच नाही हो, जुन्याच टॉर्पेडोला ठिगळं लावायला बसवलंय," हे तुझं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून धावत जाऊन जहाज किंवा पाणबुडी फोडणारं अस्त्र. इतकी शिकून, आईला इथे सोडून विशाखापट्टणमला गेलीस आणि हाती जुनं यंत्र आलं, म्हणून तू रुसलीस. रुसून घे. मग हे वाच.

आधी कूलरचं सांगतो. सांगाडा तीस वर्षांचा. यंदा मी शहाणपणा करून ताट्या आणि पंप एकदमच बदलले. पहिल्याच रात्री पलंगावर पाण्याचे शिंतोडे. ताट्या विरळ आहेत की पंप जास्त पाणी फेकतोय? जुना पंप भंगारवाल्याला देऊन मोकळा झालो होतो, त्यामुळे लावून बघायची सोयही उरली नाही. चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढून माणूस असं करतो बाप्पा.

तुझ्या कामातलं मी काही विचारत नाही आणि तूही सांगू नकोस. जगजाहीर आहे तेवढंच घेऊ. टॉर्पेडोचा सांगाडा जुनाच का ठेवतात? पाणबुडीतून तो सोडायची नळी बहुतेक ठिकाणी 533 मिलिमीटरची असते, ती काही तुझ्यासाठी कोणी रुंद करणार नाही. अमेरिकेचा मार्क 48 टॉर्पेडो नौदलात आला 1972 मध्ये. तेव्हाचा आणि आजचा शेजारी ठेवले तर बाहेरून फारसा फरक दिसणार नाही. आत मात्र सोनार (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र), संगणक, इंजिनाचा आवाज कमी करणारे भाग असं सगळं टप्प्याटप्प्याने बदलत गेलं. त्याची मॉड 7 ही आवृत्ती अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाने मिळून केली. तिच्यात मुख्य बदल सोनारचा. तो का करावा लागला ते समजून घे, तुझं कामही याच जातीचं असणार.

शीतयुद्धात लक्ष्य होतं खोल समुद्रातली वेगवान अणुपाणबुडी. नंतर गाठ पडू लागली किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हळू चालणाऱ्या डिझेल पाणबुडीशी. उथळ पाण्यात तळ बोलतो, पृष्ठभाग बोलतो, मासेमारीच्या बोटी बोलतात. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण 1,500 मीटर जातो. लक्ष्य एक किलोमीटरवर असेल तर प्रतिध्वनी यायला 1.33 सेकंद लागतात, आणि तेवढ्यात 40 नॉटने (ताशी साधारण 74 किलोमीटर) धावणारा टॉर्पेडो 27 मीटर पुढे गेलेला असतो. त्या गोंगाटातून पाणबुडी वेगळी काढायची तर बारीक कंगवा हवा. सोनारने सोडलेल्या आवाजाची बँडविड्थ, म्हणजे त्यातल्या कंपनसंख्यांचा पट्टा, 100 हर्ट्झ असेल तर साडेसात मीटरच्या आतल्या दोन वस्तू एकच दिसतात. तीच 5,000 हर्ट्झ केली तर 15 सेंटिमीटरचा फरकही दिसतो. पण रुंद बँड ऐकायला नवा पुढचा भाग लागतो, आणि इतका डेटा चावायला नवा प्रोसेसर. म्हणून आधी हार्डवेअर जागा करून देतं आणि पुढची काही वर्षं सॉफ्टवेअर त्या जागेत वाढतं. अमेरिकी पाणबुड्यांच्या सोनारमध्ये 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात हीच घडी बसवली: सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दरवर्षी, हार्डवेअर दर दोन वर्षांनी. मार्क 48 नेही पुढे तीच वाट धरली.

दोन गाड्या, दोन वेळापत्रकं. त्या एकत्र जोडायच्या नाहीत. हे मी फटका खाऊन शिकलो. हिंगण्याच्या एमआयडीसीत असताना आम्ही एका भट्टीच्या कंट्रोलरचं कार्ड नवं केलं. प्रोसेसर जलद घेतला, कोड जशाच्या तसा उचलला आणि लगे हात सेन्सरही बदलला. भट्टी आपोआप चालू-बंद व्हायला लागली. दोन आठवडे आम्ही सेन्सरला शिव्या घातल्या. खरी गोम जुन्या कोडमध्ये होती. बटण दाबल्यावर त्याची थरथर थांबेपर्यंत 10 मिलिसेकंद थांबायचं, हे आमच्या जुन्या माणसाने प्रोसेसरला रिकामे आकडे मोजायला लावून केलं होतं. नव्या प्रोसेसरने ते आकडे दोन मिलिसेकंदांत मोजून टाकले, आणि बटणाची एक थरथर त्याला चार वेळा दाबल्यासारखी वाटली. त्या ओळीशेजारी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. तुझ्या जुन्या कोडमध्येही असं कुणीतरी काहीतरी पुरून ठेवलेलं असणार. रिटायर व्हायला आलेल्या लोकांसोबत चहाला बस.

आता मार्क 14 या जुन्या अमेरिकी टॉर्पेडोची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पाणबुड्यांचे कप्तान सांगत होते, टॉर्पेडो जहाजाखालून निघून जातात. नौदलाच्या कचेरीचं उत्तर ठरलेलं: तुमचा नेम चुकतो. शेवटी जून 1942 मध्ये ॲडमिरल लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात अल्बनीजवळ मासेमारीचं जाळं टांगायला लावलं आणि त्यातून टॉर्पेडो सोडले. पहिल्याला 10 फुटांची खोली दिली होती, जाळ्याला भोक पडलं 25 फुटांवर. आधीच्या चाचण्यांत हे दिसलं का नाही? कारण खोलीची नोंद घेणारं यंत्रही टॉर्पेडोइतकीच चूक करत होतं. आरोपीच साक्षीदार.

खोली दुरुस्त झाली तेव्हा चुंबकीय स्फोटकळीचा, म्हणजे जहाजाच्या चुंबकत्वाने स्फोट घडवणाऱ्या कळीचा, दोष वर आला. ती बंद केली तर आघाताने उडणारी कळ फसायला लागली. 24 जुलै 1943 ला टिनोसा पाणबुडीने एका मोठ्या जपानी जहाजावर 15 टॉर्पेडो सोडले. तिरपे लागलेले फुटले, नंतरचे अगदी काटकोनात बसले आणि निमूट राहिले. मग पर्ल हार्बरला क्रेनने टॉर्पेडो 90 फुटांवरून पोलादी पत्र्यावर टाकून पाहिले, तेव्हा कळलं की सरळ आघातात कळीची पिनच अडकते. जुन्या, हळू टॉर्पेडोत ती रचना चालून गेली होती. नव्याचा वेग 46 नॉटपर्यंत नेला आणि पिन तीच ठेवली. म्हणजे एक भाग सुधारला की त्याच्या शेजारच्यांना नव्याने विचारायचं, "तुला हे झेपतंय का?" तीन दोष एकमेकांच्या आड लपून बसले होते.

सरावाचा टॉर्पेडो स्फोटकाविना सोडतात, पाण्यातून काढून गोड्या पाण्याने धुतात आणि त्याच्या पोटातली नोंद काढून घेतात. अशा फेऱ्या महाग, म्हणून तुम्ही तीच नोंद नव्या सॉफ्टवेअरला पुन्हा पुन्हा ऐकवणार. ऐकवा, पण एक सांभाळ. नवं सॉफ्टवेअर ज्या क्षणी जुन्यापेक्षा वेगळं वळण घेईल, तिथून पुढची नोंद त्याच्या कामाची नाही. तो टॉर्पेडो तिथे गेलाच नसता. तिथून पुढे प्रत्येक हालचालीला समुद्रासारखं उत्तर देणारा सिम्युलेटर लागतो. निकालाच्या तक्त्यात ही रेघ ओढायला लोक विसरतात. तू ओढ, साहेबांनी भुवई उंचावली तरी.

ठिगळाला हसणाऱ्यांसाठी आणखी एक. 1982 मध्ये ब्रिटिशांच्या कॉन्करर पाणबुडीवर तारेने वळवता येणारे नवे टायगरफिश टॉर्पेडो होते. कप्तानाचा त्यांच्यावर भरवसा नव्हता. त्याने अर्जेंटिनाच्या जनरल बेलग्रानो या युद्धनौकेवर 1920 च्या दशकातल्या आराखड्याचे मार्क 8 सोडले. तीन सोडले, दोन लागले.

आपल्या देशात बनलेला वरुणास्त्र टॉर्पेडो 2016 मध्ये नौदलाच्या हाती आला. तुझ्या वयाच्या हिशेबाने तो अजून पोट्टाच आहे, त्यालाही पुढे ठिगळं लागतीलच.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर समता एक्स्प्रेसने ये. आल्यावर तर्री पोहे माझ्याकडून. येताना विजयनगरमपुढे पाणी भरून घे, उन्हात डबा तापतो. कूलरला आता जुन्यासारखाच पंप आणून लावलाय, ताट्या नव्याच ठेवल्यात. आज रात्री बघतो शिंतोडे येतात का.

तुझा,
काका