अंगठीतून गेली म्हणजे पश्मिना?

प्रश्न : एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मिरात पर्यटक आटले. कळंगुटच्या दुकानातून पश्मिना शाल घेतली, तर पैसे तिथल्या विणकरापर्यंत पोचतील का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : शाल हातची असेल तरच. अंगठीतून ओढून दाखवतात त्याला भुलू नका, यंत्रावरची पातळ शालही सहज जाते. उजेडासमोर धरा. चरख्यावरचं सूत कुठे जाड, कुठे बारीक दिसतं. यंत्रावर पश्मिनाचा, म्हणजे बकरीच्या मऊ लोकरीचा, नाजूक तंतू तुटतो, म्हणून त्यात नायलॉन मिसळतात, मग आम्लाने काढतात. कापडाचा जीव तिथेच जातो. भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे मूळ प्रदेशाची अधिकृत खूण) लेबल मागा. त्याच्या अटी : तंतूची जाडी १६ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कताई-विणाई हातची. घासाघीस बेताची करा. ती बहुधा मजुरीतूनच कापली जाते. आणि आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिक नको, मलमलीत गुंडाळा.