कुळकायद्यासारखे कायदे विधिमंडळात किंवा संसदेत खरंच तपासले जातात का, की चुका न्यायालयांनीच निस्तरायच्या?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग असा, की जमीन सुधारणेच्या कायद्यांवर सभागृहात कलमवार चर्चा होते का. भाषणं होतात, मोठी होतात, चांगलीही होतात. पण विधेयक हातात घेऊन ‘हे कलम लागू झाल्यावर गावात कसणाऱ्या माणसाला नेमकं काय करावं लागेल’ हे विचारणारं वाचन फार कमी होतं. आमच्या घराने याची किंमत मोजली आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी संसदेचं उरकतो. शेतजमीन आणि मालक-कुळ संबंध (कूळ म्हणजे मालकाला खंड, म्हणजे भाडं, देऊन त्याची जमीन कसणारा) हा राज्यसूचीतला विषय, नोंद क्रमांक १८. त्यामुळे संसद या कायद्यांकडे आली ती मुख्यतः त्यांना ढाल द्यायला. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववी अनुसूची आणली, म्हणजे न्यायालयातल्या आव्हानापासून वाचवायच्या कायद्यांची यादी. तिच्यात सुरुवातीला १३ कायदे होते, आणि दुसऱ्याच क्रमांकावर आपला मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. त्या दुरुस्तीवर नेहरू आणि श्यामाप्रसाद मुखर्जी यांची जोरदार जुंपली, पण भर मुख्यतः भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर. त्या १३ कायद्यांतली कलमं उलगडून बघायची ती जागाच नव्हती. १९६४ च्या सतराव्या दुरुस्तीने आणखी ४४ कायदे त्यात घातले. मी नवव्या अनुसूचीच्या बाजूचा आहे. ती नसती तर जमीनदारांनी प्रत्येक कायदा न्यायालयात अडकवून ठेवला असता. पण कायद्याला संरक्षण मिळालं म्हणजे तो तपासून झाला, असं नाही. खरी तपासणी विधिमंडळातच व्हायला हवी होती.

आता आमच्या जमिनीचं. ज्यांच्या घरी कुळाची जमीन आहे त्यांना कृषक दिन, ३२-ग, ३२-म समजावून सांगायला नको. १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनी, कसणारं कूळ मालक झालं, न्यायाधिकरणाने कलम ३२-ग खाली किंमत ठरवली, ती भरली की ३२-म चा खरेदीचा दाखला. लांजा तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेकांचं असंच झालं. आमच्या एका तुकड्याचं झालं नाही, कारण त्या दिवशी त्याची मालकीण विधवा होती.

मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जातो. विधवेचा हक्क संपल्यावर, म्हणजे बहुधा ती वारल्यावर, तिच्या वारसाला जमीन स्वतः कसण्यासाठी मागायला एक वर्ष. ते वर्ष संपलं की पुढच्या एका वर्षात कुळाने मालकाला आणि न्यायाधिकरणाला ‘मी विकत घेतो’ असं कळवायचं. नाही कळवलं तर हक्क गेला. हे कलम ३२-फ. कागदावर वाचताना न्याय्य वाटतं. विधवा बाईच्या पोटावर पाय येऊ नये हा हेतू चांगलाच होता.

आमच्या मालकीणबाईंना घरात सगळे काकी म्हणायचे. त्या गिरगावात राहायच्या. खंड न्यायला दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या यायचा. ओटीवर बसायचा, चहा घ्यायचा, भाताचे पैसे मोजून घ्यायचा आणि वहीतलं पान फाडून पावती द्यायचा. पावतीवर काकींचं नाव आणि खाली ‘यांचेतर्फे’ लिहून स्वतःची सही. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, त्या पावत्या पत्र्याच्या ट्रंकेत सुतळीत ओवून ठेवायचे. दरवर्षी दादा विचारायचे, ‘काकींची तब्येत कशी आहे?’ उत्तर यायचं, ‘बरी आहे, वयोमानाप्रमाणे.’

१९९० नंतर एकदा तहसीलदार कचेरीतून नोटीस आली. कुळाने मुदतीत हक्क बजावला नाही, सबब जमीन परत मिळावी, असा वारसांचा अर्ज होता. अर्जात काकींच्या मृत्यूची तारीख होती. दादांनी ट्रंक उघडली आणि त्या तारखेनंतरच्या पावत्या सुतळीतून सोडवून जमिनीवर एका रांगेत मांडल्या. प्रत्येकीवर तेच नाव, तेच ‘यांचेतर्फे’, तीच सही. बाई जाऊन काही वर्षं लोटली होती आणि खंड त्यांच्याच नावाने घेतला जात होता. वारसनोंदीचा फेरफार घातला तोही मुदत उलटून गेल्यावर.

सुनावणीला मी दादांबरोबर होतो. साहेबांनी एकच विचारलं, ‘मुदतीत कळवलं होतंत का?’

दादा म्हणाले, ‘साहेब, काकी गेल्या हेच मला या अर्जावरनं कळलं. कळवणार काय?’

साहेब उर्मट नव्हते. त्यांनी पावत्या बघितल्या, दोनदा बघितल्या. पण कलमात कुळाला माहीत असण्या-नसण्याबद्दल काही नव्हतं, आणि कलमात नाही ते त्यांना देता आलं नाही. निकाल विरुद्ध गेला. प्रांतांकडे अपील केलं, तिथे कायम झाला. मग महसूल न्यायाधिकरणात फेरतपासणी. ती पडून असताना १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल आला, की कुळाने मुदतीत कळवलं नसेल तर हक्क संपतो, मालकाने आधी कळवायला हवं होतं असं म्हणता येत नाही. आमच्या वकिलांनी दादांना सरळ सांगितलं, आता तडजोड करा. दादांनी खालची मळी सोडली. वहाळाच्या कडेची ती मळी आमची सगळ्यात चांगली जमीन होती, शिमगा झाला तरी तिच्यात ओल असायची. आमच्याकडे घरामागची खाचरं आणि वरचं वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन, राहिलं. सहीच्या दिवशी दादा घरी येऊन जेवले नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. या कलमातली पोकळी विधिमंडळाला दिसली नव्हती असं नाही. १९६९ साली ४९ क्रमांकाच्या अधिनियमाने याच ३२-फ मध्ये दुरुस्ती झाली. काही शब्द वाढवले : मालक अज्ञान असेल तर तो सज्ञान झाल्याचं त्याने कुळाला कळवलं पाहिजे. म्हणजे ‘कुळाला कळणार कसं?’ हा प्रश्न १९६९ ला कुणाला तरी पडला होता. पण त्याच कलमात, त्याच वाक्यात विधवा आणि अपंग मालक आहेत, त्यांच्या बाबतीत तो विचारला गेला नाही. मालकाचा मुलगा अठराचा कधी झाला हे गावाला तरी कळतं. मुंबईच्या चाळीत वारलेली म्हातारी लांज्याच्या कुळाला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जिथे कळवणं जास्त गरजेचं, तिथेच ते राहिलं.

आणि ते २०१९ पर्यंत राहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, न्या. नरिमन यांच्या निकालाने, ती जागा भरली : विधवेच्या वारसाने तिचा हक्क संपल्याचं कुळाला कळवलंच पाहिजे, तोवर कुळाची मुदत सुरू होत नाही. आधीचे उलट निकाल चुकीचे ठरवले. १९६९ ते २०१९. पन्नास वर्षं एक अर्धं वाक्य कमी होतं, आणि तोपर्यंत किती घरांच्या मळ्या गेल्या असतील! दादाही तोवर राहिले नव्हते.

या पन्नास वर्षांत विधिमंडळाने हा कायदा उघडलाच नाही असं कुणी म्हणू नये. २०१४ ला कलम ४३ बदललं. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकारणीच्या ४० पट रक्कम भरून, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय कुळाची जमीन विकता येऊ लागली. त्या दुरुस्तीला माझा विरोध नाही, अडलेल्या माणसाला ती उपयोगी पडते. पण जमीन विकायची वाट मोकळी करायला सभागृहाला वेळ मिळाला आणि जमीन टिकवायची वाट न्यायालयाने मोकळी केली, हे मला विसरता येत नाही. कायदा हातात होताच, चार पानं मागे उलटली असती तर ३२-फ समोर आलं असतं.

माझा मामेभाऊ वकील आहे आणि त्याचा-माझा वाद तेव्हापासूनचा. तो म्हणतो, ‘कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, आत्यांच्या घरच्यांनी चौकशी करायला हवी होती.’ दर गणपतीला हे होतं. म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवतो. दादांना कायदा माहीत होता. चुलत्यांच्या ३२-म साठी त्यांनीच कचेरीत खेपा घातल्या होत्या. काकी गेल्या की आपला हक्क उघडतो हे ते जाणून होते, म्हणून तर दरवर्षी तब्येत विचारत होते. त्यांना माहीत नव्हता तो मृत्यू, आणि ज्याला तो माहीत होता त्याने समोर बसून लपवला. कायदा माहीत नसणं आणि घटना माहीत नसणं यातला फरक वकिलाला कळू नये याचं मला वाईट वाटतं. तीन न्यायमूर्तींना तो कळला आहे.

उपाय काय असं विचाराल, तर जमिनीचं कोणतंही विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेल्याशिवाय मंजूर होऊ नये, आणि समितीने मुंबईत बसून नव्हे, तालुक्याला येऊन ऐकावं. संसदेत १९९३ पासून खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत, केरळच्या विधानसभेतही विषय समित्या आहेत. आपल्याकडे विधेयक समितीकडे पाठवायचं की नाही हे त्या त्या वेळच्या मर्जीवर. कोकणाला तर हे नवीन नको. बाबासाहेबांनी १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं, आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मोर्चाने तिथे गेले. अलिबागकडे चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे १९३३ पासून संप चालवला, त्यानंतर १९३९ चा कुळकायदा आला. कसणारा दारात उभा राहिला की सभागृह नीट वाचतं, असा आमच्याकडचा अनुभव आहे. गोव्यातही २०१४ ला कुळांचे दावे मामलेदारांकडून दिवाणी न्यायालयात नेणारी दुरुस्ती झाली, लोक उठले, आणि पुढे ती फिरवावी लागली.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. मी लिहिलं ते कोकण आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कायद्याबद्दल. विदर्भाचा १९५८ चा आणि मराठवाड्याचा १९५० चा हैदराबाद कायदा वेगळा आहे, तिथली कलमं तशीच असतील असं धरू नका. सगळ्या विधवा मालकिणी श्रीमंत नव्हत्या, खंडावरच चूल पेटणाऱ्या कितीतरी होत्या, आणि आमच्या काकींविरुद्ध माझ्या मनात काहीही नाही. आणि २०१९ च्या निकालाने तडजोडी किंवा अंतिम झालेले दावे आपोआप उघडत नाहीत. आमचा उघडला नाही.

तुम्ही नुसत्या अभ्यासासाठी विचारलं असेल तर १९६९ च्या दुरुस्तीचा मजकूर आणि २०१९ चा निकाल शेजारी ठेवून वाचा, बाकी पुस्तकं नंतर. पण घरी अजून इतर हक्कात कुळाचं नाव लागलेला सातबारा असेल आणि मालक विधवा होती असं कुणी सांगत असेल, तर आजच जुने हस्तलिखित उतारे आणि फेरफार काढून घ्या. वारसाकडून कधी लेखी काही आलं होतं का हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आलं नसेल तर मुदत संपली असं सांगणाऱ्या कुणाचंही ऐकून सही करू नका. आणि खंडाच्या पावत्या फेकू नका, विशेषतः ज्या तारखेला मालक हयातच नव्हता त्या तारखेच्या.