वाचकांचे प्रश्न : बेटाच्या नौदलाला काम काय असतं?

प्रश्न : श्रीलंकेला जमिनीवरची सीमाच नाही. मग लढाई नसताना तिथल्या नौदलाला काम काय? (एक वाचक, कराड)

जमिनीवर सीमा नसली तरी पाण्यात आहे, आणि ती राखायला जास्त अवघड. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र आणि 200 मैलांपर्यंत आर्थिक हक्काचं पाणी. हे पाणी देशाच्या जमिनीच्या सात पटींहून जास्त भरतं. शिवाय सुएझ ते मलाक्का ही मालवाहू जहाजांची वाट बेटाच्या दक्षिण टोकाखालून जाते. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या पाल्कच्या सामुद्रधुनीतला समुद्र उथळ, रामसेतूवर तर काही ठिकाणी जेमतेम मीटरभर पाणी. त्यामुळे मोठ्या जहाजाला बेटाला वळसा घालावाच लागतो. अमली पदार्थांच्या बोटी पकडणं, शोध-बचाव, जहाजाची आग विझवणं ही रोजची कामं त्यातूनच येतात.

पूर्वपीठिका थोडक्यात : 1937 मध्ये स्वयंसेवक दल, 9 डिसेंबर 1950 ला रॉयल सिलोन नेव्ही, 1972 मध्ये देश प्रजासत्ताक झाल्यावर आजचं नाव.

प्रश्न : मोठ्या युद्धनौकांऐवजी या नौदलाचा भर लहान बोटींवर का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, मिरज)

कारण शत्रूच तसा होता. वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी श्रीलंका सरकारशी लढणारी सशस्त्र संघटना एलटीटीई, तिचं सागरी दल सी टायगर्स. ते फायबरच्या बोटींचा घोळका घेऊन येत आणि त्यातच स्फोटकांनी भरलेली एखादी आत्मघातकी बोट लपलेली असे. ती पाण्यालगत बसकी, धातू कमी. लाटांच्या गोंधळात रडारवर नीट उमटत नसे. बाकीच्या बोटींनी गोळीबार करून गस्तीनौकेचं इंजिन बंद पाडायचं, आणि ती थांबली की आत्मघातकी बोटीनं धडक द्यायची, असा डाव. नौदलाकडे इस्रायली बनावटीच्या ड्वोरा गस्तीनौका होत्या, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या. पण वेगात बोट आदळत राहते आणि हातानं धरलेला नेम चुकतो. म्हणून डोलणं सावरणारी, आतून चालवायची तोफ बसवली गेली. तरीही चार नौकांनी वीस बोटी आवरेनात. 2006 नंतर नौदलानं देशातच अ‍ॅरो नावाच्या सुमारे 23 फुटी बोटी शेकड्यांनी बांधल्या आणि घोळक्याला घोळक्यानंच गाठलं.

सातारकरांना हे नवं वाटू नये. शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे यांची वल्ह्यांची गलबतं वारा पडला की मोठ्या जहाजाच्या पिछाडीला, जिथे तोफा कमी, तिथेच जात.

मात्र नुसत्या लहान बोटींनी युद्ध संपलं नाही. एलटीटीईची शस्त्रं आणणारी जहाजं भर समुद्रात उभी असत. 2007 मध्ये ती शेकडो मैल दूर जाऊन बुडवली ती सयुरा, समुदुरा आणि सागरा या नौकांनी. तिन्ही वापरलेल्या, पहिली आणि तिसरी भारताकडून, दुसरी अमेरिकी तटरक्षक दलाची. इतका पल्ला त्यांच्या टाक्यांत नव्हता. इंधनाला जुनी व्यापारी जहाजं सोबत न्यावी लागली. आमच्या मते या नौदलाचं खरं कसब इथे दिसतं.

प्रश्न : कोलंबोजवळ जळालेलं जहाज पाणी मारूनही बुडालं कसं? (एक वाचक, सातारा)

तुम्ही विचारताय ते एक्स-प्रेस पर्ल, मे 2021. कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत होतं. कंटेनर एकावर एक रचलेले असले की बाहेरून मारलेलं पाणी आगीच्या मुळाशी पोचत नाही, ते जहाजात साचतं. मागचा भाग जड होऊन खाली बसला. खोल समुद्रात ओढून न्यायला लागले तेव्हा तो साधारण 21 मीटरवर तळाला टेकला आणि ओढणं थांबलं. सप्टेंबर 2020 मधल्या न्यू डायमंड टँकरवर आग इंजिनघराकडे होती. बाहेरून सतत पाणी मारून तेलाच्या टाक्या थंड ठेवता आल्या, म्हणून सुमारे 2.7 लाख टन कच्चं तेल वाचलं. त्यात भारतीय तटरक्षक दलाच्या नौकाही होत्या.

प्रश्न : तमिळनाडूचे मच्छीमार वारंवार का पकडले जातात? (एक वाचक, विटा)

भारताकडचं धनुष्कोडी ते श्रीलंकेकडचं तलैमन्नार अंतर तीसेक किलोमीटर. दोघांचे 12-12 मैल एकमेकांवर चढतात, म्हणून 1974 आणि 1976 च्या करारांनी मधून रेषा आखली. ती पाण्यावर दिसत नाही, पण जीपीएसवर दिसते. चुकून ओलांडली असं दरवेळी म्हणता येत नाही. आपल्या बाजूची मासळी आटली हे मूळ. त्यात तळ खरवडणारी ट्रॉलरची जाळी उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाच्या तमिळ मच्छीमारांची जाळी फाडतात, आणि श्रीलंकेनं 2017 मध्ये अशा मासेमारीवर बंदीच घातली. माणसं बहुधा सुटून येतात, बोट मात्र जप्त राहते. कर्जाचे हप्ते तिच्यावरच चालू असतात.